वरची खाट

शारजात, रोलाच्या मागच्या गल्लीत
आठ वर्षं मी वरच्या खाटेवर झोपतो.
खाली शाजी, मध्ये टेकबहादूर, वर मी.
छत इतकं जवळ की
उठून बसायचं तर आधी मान वाकवायची,
बाकी सगळं नंतर.

दिवसा टाइल्सचं गोदाम. खोके मोजतो.
सहाशे बाय सहाशे, मॅट, फोशान.
सहाशे बाय सहाशे, मॅट, फोशान.
माझ्या संगमेश्वरचं नाव आयुष्यात लिहिलं नसेल
इतक्यांदा हे लिहिलं.
आणि प्रत्येक खोक्याच्या कडेला
काळ्या मार्करने, इंग्रजीत, शारजा.
त्यातला जे कायम उलटा.

सुट्टी तीस दिवसांची.
घरी सांगितलं, चौदाच मिळाली.
व्हिसाच्या फॉर्मवर 'प्रवासाचं कारण':
'टाइल्स' लिहिलं, खोडलं,
'बघणं' लिहिलं.
गुलबाज म्हणाला, वेड्या, तिथे कोण आहे तुझं?
उरुम्चीपर्यंत स्वस्तातलं विमान, पुढे रूळ.
इथे आठ वर्षांत आगगाडीची शिट्टी कानी पडली नव्हती,
हे त्याला सांगायचं राहिलं.

शोरूममधल्या चेनबाईंनी दोन चिठ्ठ्या दिल्या.
एकीवर 'मांस चालत नाही',
दुसरीवर 'सगळ्यात स्वस्त द्या'.
लान्चौच्या तिकीट खिडकीत मी पहिली सरकवली.
आतली मुलगी हसता हसता टेबलावर वाकली,
शेजारणीला दाखवली,
मग तिकीट दिलं. बिनमांसाचं, बाकड्याचं.

एका दिऱ्हमचे दोन युआन, थोडे कमीच.
चोपडीत अजून आहे सगळं:
शेवया चार, पाव दोन,
उकळतं पाणी डब्याच्या टोकाला, फुकट.
काचेबाहेर दिवसभर वाळवंट.
म्हटलं, शाब्बास रोहिदास,
वाळवंटातून निघालास आणि पैसे मोजून
वाळवंटच बघतोयस.
समोरच्या म्हातारीने संत्रं सोललं,
फोडी माझ्या तळव्यावर एकेक ठेवल्या,
मोठ्याने मोजत.
आकडे कळले नाहीत. मोजणं कळलं.

चंगदूनंतर झोपायचा डबा.
तीन मजली खाटा, वरची सगळ्यात स्वस्त.
चढलो, मान वाकवली,
बॅग उशाला, पाकीट बनियनच्या आत.
खाली कुणीतरी घोरत होतं, मध्ये कुणीतरी
बायकोशी हळू आवाजात भांडत होतं.
सगळं रोलासारखंच.
फक्त खाट चालत होती.
रात्रभर जागा राहिलो.
एवढ्या सुखात झोप वाया कशाला घालवायची?

फोशानला कारखान्याच्या फाटकावर
खोक्याचं सोलून आणलेलं लेबल दाखवलं.
वॉचमनने ते उलटसुलट पाहिलं, फोन केला.
कुणी आलं नाही.
त्याने स्टूल दिलं, गरम पाणी दिलं,
आणि मी तिथे तासभर बसलो,
सोयरीक जमवायला आलेल्या मामासारखा.
आत ट्रक भरत होते.
रचलेल्या खोक्यांच्या आडून एक हात यायचा,
निळी बाही, मनगटावर लाल दोरा,
न थांबता खोक्यावर काहीतरी लिहायचा
आणि आत जायचा.
फाटकापासून लांब होतं.
जे दिसला नाही.
हात वर करावासा वाटला, पण कुणाला करणार,
हाताला डोळे नसतात.

परत आलो. शाजीने विचारलं, काय पाहिलंस?
भिंत पाहिली का ती मोठी?
म्हटलं, नाही, उलट्या दिशेला होती.
घरी नंतर कळलं. बायको तीन दिवस बोलली नाही,
चौथ्या दिवशी म्हणाली,
संत्री गोड होती का तिकडची?

फेब्रुवारीत नवा कंटेनर आला.
सहाशे बाय सहाशे, मॅट, फोशान.
कडेला शारजा.
जे सरळ.
दुसरा खोका, सरळ. विसावा, सरळ.
मी मोजणी थांबवली.
सुपरवायझर म्हणाला, काय फुटलं का?
नाही म्हटलं.

सुट्टीवर गेला असेल.
किंवा गेली असेल.
कुठल्यातरी गाडीत, वरच्या खाटेवर,
मान वाकवून.